देव नसलेला डोंगर

माझी बदली हिमाचलात झाली तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी केंद्र सरकारच्या मोजणीच्या एका खात्यात होतो. जमिनीची उंची मोजायची, आकडे वहीत उतरवायचे आणि नकाशावर रेषा ओढायच्या, हे काम मी सतरा वर्षं केलं होतं. तरी स्वतःच्या पायांनी मी फारशी उंची गाठली नव्हती. माझं गाव कन्हेरी, बारामतीला लागून. बायकोचं माहेर निरवांगी, इंदापूर तालुक्यातलं. दोन्ही गावं सपाट. आमच्याकडे चढ म्हणजे कालव्याचा भराव.

बदलीचं गाव सात हजार शंभर फुटांवर होतं. बारामती अठराशेच्या आसपास. म्हणजे पाच हजार तीनशे फूट वर जायचं होतं, आणि बायकोला घेऊन जायचं होतं. अडचण ती होती. तिचा श्वास कमी आहे, असं लग्न ठरतानाच मला सांगितलं होतं.

सांगणारा तिचा थोरला भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे घर त्यानेच चालवलेलं. अकरा एकर ऊस, तालुक्यात शब्दाला वजन. तो म्हणेल ते निरवांगीत खरं धरलं जायचं. बहिणीला पळवायचं नाही, ओझं द्यायचं नाही, जिना चढवायचा नाही. मी अकरा वर्षं ते पाळलं. पुण्यात मिळालेलं वरच्या मजल्याचं क्वार्टर अर्ज करून तळमजल्यावर बदलून घेतलं. आम्हाला मूल झालं नाही, त्याचंही कारण तो हाच श्वास सांगायचा. मी तेही ऐकून घेतलं होतं.

निघण्याआधी निरवांगीला जेवण होतं. भावकीतली चाळीसएक माणसं असतील. बायको भाकरी वाढत होती आणि मेहुणा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, "दाजी, तुमी कागदावर डोंगर चढलाय. बाईला घिऊन चढताय, तर एक ध्यानात ठेवा. भाता फुटका आसला की लोखंड तापत न्हाय."

लोक हसले. लोहाराचा भाता सगळ्यांना माहीत होता. बायकोने टोपली खाली ठेवली नाही, की मान वर केली नाही. पुढच्या पानावर भाकरी वाढली. ते हसू मी मोजू शकलो नाही, पण कोण कोण हसलं ते मला आजही सांगता येईल.

मग त्याने अट घातली. दिवाळीला तो स्वतः मुराळी म्हणून येणार, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला. तिला धाप लागलेली दिसली तर घेऊन जाणार आणि परत पाठवणार नाही. चाळीस माणसांसमोर मी बरं म्हणालो. मला त्याचा राग आला होता, पण तो म्हणतो ते खोटं आहे असं मात्र मला वाटत नव्हतं. हे लिहून ठेवलं पाहिजे.

वर गेल्यावर पहिला आठवडा दोघांचीही डोकी दुखली. नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बायकोला तपासलं. छाती ऐकली, पळायला लावलं, फुग्यासारख्या नळीत फुंकायला लावलं. त्यांनी मला विचारलं, हिला काय होतं म्हणून आणलंत? मी श्वासाचं सांगितलं. ते म्हणाले, फुप्फुसं उत्तम आहेत. लहानपणी कशाच्या धुरात बसायची का? मी तिला विचारलं. पहाटे चारपासून चुलीपाशी, पाचटाच्या धुरात, ती म्हणाली. ऊस तुटला की वाळलेलं पाचट पोत्यांनी घरात यायचं आणि तेच सरपण. डॉक्टर म्हणाले, त्या धुरात कुणीही खोकेल.

दवाखान्यातून परत आलो. घराच्या पायऱ्या चौतीस होत्या. त्या तिने न थांबता चढल्या.

डोंगर चढायला आम्हाला शेजारच्या बाईंनी शिकवलं. त्या तिथल्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या पुढच्या. रविवारी काठी घेऊन एकट्या निघायच्या. एकदा त्यांनी बायकोला विचारलं, येतेस का? आम्ही दोघंही गेलो. जाताना बायकोने पिशवीत नारळ घेतला. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी डोंगर चढत नाही, कारण देवाशिवाय कुणी डोंगर चढतच नाही. जेजुरी असो की शिंगणापूर, वर कुणीतरी बसलेला असतो म्हणून माणूस चढतो. बाईंनी वाटेत विचारलं, नारळ कुणाला? आम्ही विचारलं, वर कोण आहे? त्या म्हणाल्या, वर गवत आहे.

वर खरोखरच गवत होतं, वारा होता आणि लांब बर्फाची रांग होती. नारळ आम्ही दगडावर फोडून खाल्ला. बायको बराच वेळ इकडेतिकडे फिरली. मग म्हणाली, "हितं कुणाच्या पाया पडायचं न्हाय. बरं वाटतंय."

बाईंचे दोन नियम होते. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. आणि खालून आलेल्या नव्या माणसाने पहिले सात दिवस वरच्या डोंगरावर जायचं नाही. डोकं दुखलं, ओकारी आली, की तिथून मागे फिरायचं. पहिला नियम मला जड गेला. आमचं चालणं कालव्याच्या कडेचं, एका दमात दोन कोस. इथे तसं चाललं की अर्ध्या तासात माणूस बसतो. बायकोला मात्र तो वेग लगेच साधला. जून ते ऑक्टोबर आम्ही बावीस रविवार चढलो. त्यातल्या नऊ वेळा सगळ्यात उंच टोकावर, दहा हजार फुटांवर. नऊ किलोमीटरची वाट, दोन हजार नऊशे फुटांचा चढ. मी वहीत दोघांचे श्वास लिहायचो. चढावर मिनिटाला माझे तीस, तिचे सव्वीस.

ती वही भरत गेली तसा माझा राग वाढत गेला. बावीस रविवारांत एकदाही तिला धाप लागली नव्हती. मग निरवांगीतल्या त्या हसण्याचं काय? आणि तळमजल्यावरच्या अकरा वर्षांचं? मी ठरवलं, मेहुणा आला की त्याला त्या टोकावर न्यायचं. पत्रात मी फक्त लिहिलं, भाऊबिजेला या, सगळं ठीक आहे.

तो भिगवणहून रेल्वेने निघाला आणि तिसऱ्या दिवशी बसमधून उतरला. घाटातल्या वळणांनी चेहरा उतरला होता. डोक्याला मफलर, खांद्यावर ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि काळ्या मसाल्याचं पोतं, पायात बारामतीहून खास घेतलेले कॅनव्हासचे बूट. वय बावन्न, पोट सुटलेलं. बहिणीला बघून तो पहिल्यांदा हेच म्हणाला की ती वाळली आहे आणि हवा मानवलेली दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिने ओवाळलं, त्याने ताटात साडी घातली आणि पिशव्या भरायला सांगितलं. मी म्हणालो, उद्या आधी डोंगरावर जाऊन येऊ, मग ठरवा. तो लगेच तयार झाला. एवढ्या लांब येऊन इथल्या देवाचं दर्शन न घेता कसं जायचं, असं त्याचं म्हणणं.

त्याला येऊन दोन दिवस झाले होते. सात दिवसांचा नियम मला माहीत होता. बाई गावाला गेल्या होत्या. त्या असत्या तर त्यांनी अडवलं असतं, हेही मला माहीत होतं.

वाट जिथे सुरू होते तिथे दगडांची एक रास आहे. येणारेजाणारे तिच्यावर एकेक दगड ठेवतात. थकवा तिथेच सोडून पुढे जायचं, असं तिथले लोक मानतात. झाडाला लाल-पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या असतात. मेहुण्याने ते पाहिलं आणि थांबला. आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याला पायातलं काढतात. तिथून देवाची हद्द लागते. त्याने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, बूट राशीच्या मागे नीट ठेवले आणि हात जोडले.

"जागा जागृत दिसतीया," तो म्हणाला. "कोण हाय वर?"

मी म्हणालो, "वर गेल्यावर बघा."

हे वाक्य खोटं नव्हतं, असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ते खोटंच होतं. नोव्हेंबरची सकाळ होती. सावलीत जमिनीवर दहिवर गोठून पांढरं झालेलं. बायकोने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ती सांगेल. तिने खाली वाकून स्वतःच्या बुटांची नाडी घट्ट केली आणि चालू लागली.

ती पुढे, मध्ये तो, मागे मी. पहिला अर्धा तास तो 'येळकोट येळकोट' म्हणत कालव्याच्या वेगाने गेला. मग 'येळ' एवढंच उमटायला लागलं, आणि नंतर तेही बंद झालं. पहिल्या तासात तो चार वेळा थांबला, दुसऱ्या तासात अकरा वेळा. तो थांबला की मी घड्याळ काढून त्याचे श्वास मोजायचो. मिनिटाला चव्वेचाळीस. देवदारांखाली वाळलेल्या काड्यांवरून त्याचा पाय घसरत होता. त्याचे तळवे शेतकऱ्याचे, टणक, पण थंडीने बधिर झाले होते. ओकच्या काटेरी पानांवर तो कधी पाय देत होता ते त्यालाही कळत नव्हतं.

त्याने विचारलं अजून किती आहे. दोन वळणं, थोडंसंच, असं सांगतात माणसं अशा वेळी. मी सांगितलं, "सोळाशे फूट."

पुढे एका खडकापाशी त्याला ओकारी झाली. डोकं ठणकतंय म्हणाला. इथून मागे फिरायला हवं होतं. मी फिरलो नाही. बायको वरच्या वळणावर दगडावर बसून आमची वाट बघत होती. तिथून तिने विचारलं, "दादा, भाता दमला व्हय?"

त्याने मान वर करून पाहिलं. आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवलं असावं, कारण त्यानंतर तो एकदाही बसला नाही. उभ्यानेच थांबायचा, झाडाला धरून.

टोकावर पोचायला पाच तास दहा मिनिटं लागली. एरवी आम्हाला साडेतीन लागतात. तो गोल फिरून बघत राहिला. गवत पिवळं पडलं होतं, काही मोठे दगड होते. एका दगडापाशी तो गेला, मागून बघितला, हात लावला. शेंदूर नव्हता.

"देव कुठाय?" त्याने विचारलं.

"हितं देव न्हाय, दादा," बायको म्हणाली. "आमी उगीच येतो."

"उगीच?"

"व्हय. धा वेळा आले मी, आजचं धरून."

तो माझ्याकडे वळला. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्याने घेतली नाही, गवतावर बसला आणि पाय पुढे पसरले. तळव्यांना रक्त होतं, फार नाही. मला जे बघायचं होतं ते मी बघत होतो. मग बायको त्याच्यासमोर बसली आणि तिने जे विचारलं ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

"चौथीनंतरची शाळा जाऊन-येऊन अडीच कोस व्हती. आजची वाट जाऊन-येऊन सहा कोस हाय. मंग मला शाळेतनं का काढलंस?"

निरवांगीत तेव्हा शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शेजारच्या गावात. धाकटे भाऊ सायकलवर गेले. तिला मात्र श्वासामुळे एवढं चालवणार नाही म्हणून घरी ठेवलं, एवढंच मला माहीत होतं. मला वाटत होतं तो आता म्हणेल, माझं चुकलं, मला कळलं नाही. चूक त्याच्या पदरात घालायचीच मी एवढी तयारी केली होती.

तो म्हणाला, "तुजा श्वास चांगला हाय, मला ठावं व्हतं."

वारा होता, पण ते स्वच्छ ऐकू आलं.

"सायकल एकच व्हती. आन् आईला चुलीपाशी मानूस पायजे व्हतं."

"मंग श्वासाचं कशाला काढलंस?"

"तू रडून गाव गोळा केलं व्हतंस. कामासाठी म्हनलो आसतो तर ऐकली नसतीस. आजारी हाईस म्हनल्यावर गप बसलीस."

नंतर तेच चालू ठेवलं, कारण एकदा सांगितलेलं मागे कसं घ्यायचं, असं काहीसं तो पुटपुटला. लग्न ठरताना त्याला ते माझ्याही कानावर घालावंच लागलं, कारण तोवर सगळ्या गावाला माहीत होतं. मी उभा होतो. अर्ज करून घेतलेलं तळमजल्याचं क्वार्टर, न झालेल्या मुलाबद्दल ऐकून घेतलेलं बोलणं, सगळं एकदम आठवलं. त्याला तिथेच सोडून खाली निघून जावं, असा विचार माझ्या मनात पूर्ण एक मिनिट होता.

बायको रडली नाही. ती म्हणाली, "मी येत न्हाय तुज्यासंगं. आन् हे निरवांगीत सांगायचं. त्याच मानसांम्होरं."

"सांगतो," तो म्हणाला.

उतरताना त्याचे हाल झाले. राशीपाशी बूट मिळाले तेव्हा सुजलेल्या पायांत ते जाईनात. गावाहून परतलेल्या बाईंनी त्याचे पाय धुऊन पट्ट्या बांधल्या आणि मला हिंदीत असं काही सुनावलं की ते मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला. आमच्याकडे मुराळी रिकाम्या हाताने परतला तर गाव कारण विचारतं. मी त्या कारणाची वाट बघत होतो.

जानेवारीत माझ्या चुलतभावाचं कन्हेरीहून पत्र आलं. तुझ्या मेहुण्याचं नाव इंदापूरपासून बारामतीपर्यंत झालंय, त्याने लिहिलं होतं. हिमालयातल्या कडक देवाला तो दहा हजार फूट अनवाणी चढून गेला, पायाची सालटी निघाली तरी थांबला नाही, आणि त्या देवाने त्याच्या बहिणीचा श्वास जागच्या जागी बरा केला. ती आता तिथे पळते म्हणे. लोक त्याच्या पाया पडतात. पुढच्या महिन्यात एका देवळाचा कळस त्याच्या हाताने चढवणार आहेत.

मी पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. तिच्या भावाला ऐकणारी माणसं मिळाली होती, दाखवायला सोललेले पाय मिळाले होते, आणि खोटं होतं तिथेच राहिलं होतं. उलट त्याला आता देवाचा आधार होता. हे मी घडवून आणलं होतं. त्याला बूट काढू दिले नसते तर त्याच्याकडे सांगायला काही राहिलं नसतं. मी म्हणालो, मी सगळ्यांना पत्रं लिहितो, आकड्यांसकट. ती म्हणाली, "तुमी काय लिवू नका. मेमधी त्याच्या लेकीचं लगीन हाय."

लग्न निरवांगीलाच होतं, घरासमोर मांडव घालून. नवऱ्याकडची माणसं लग्नाच्या दिवशी येणार होती. बायकोने आदला दिवस निवडला, हळदीचा, जेव्हा फक्त आपली भावकी जेवायला असते. भाचीच्या सासरच्यांसमोर नाही, एवढं तिने ठेवलं. तिच्या जागी मी असतो तर ठेवलं नसतं.

आमच्याकडे पंगत बसली की यजमान ती सोडून जात नाही. शेवटचं पान आटपेपर्यंत तो ओळींमधून फिरतो, आग्रह करतो. मेहुणा जिलबीची परात घेऊन फिरत होता. समोरासमोर दोन ओळी, एकीत पुरुष, एकीत बायका. कुणीतरी त्या अनवाणी यात्रेचा विषय काढलाच. कुणी मेहुण्याला म्हणालं, पाय दावा की आबा. तो हसत पुढच्या पानाकडे सरकला.

बायको ओळीच्या मध्यावर बसली होती. तिने घास खाली ठेवला.

"दादा, त्या देवाचं नाव काय?"

परात तशीच राहिली. तो म्हणाला, "त्याचं नाव घ्यायचं नसतंय."

माना डोलल्या. उत्तर चांगलं होतं, मलाही ते मान्य करावं लागलं.

"मंग मी सांगते," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं. वर गवत आहे. डॉक्टरने छाती तपासली. बावीस रविवार. शाळा, सायकल, चूल, पाचट. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, भाकरीचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. शेवटी भाऊ टोकावर बसून काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. तो परात घेऊन दोन ओळींच्या मध्ये उभा होता आणि त्याला कुठे जाता येत नव्हतं. पंगत उठली नव्हती.

त्यांची आत्या सगळ्यांत म्हातारी. तिला ऐकू कमी येतं, पण एवढं आलं होतं. तिने विचारलं, "खरं हाय का रं ह्ये?"

"व्हय," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मी पाहून घेतलं. आत्या म्हणाली, "पंगत थांबलीया. वाढ."

तो वाढत पुढे आला. माझ्या पानाशी आला तेव्हा मी नको म्हणून हात आडवा केला नाही. त्याने दोन जिलब्या वाढल्या, मी पानाकडे बघत राहिलो, त्याने आणखी दोन वाढल्या. खायची इच्छा नव्हती. चारही खाल्ल्या.

पंगत उठल्यावर जावयांच्या हातावर पाणी घालायचा मान आमच्याकडे यजमानाचा असतो. मांडवाच्या कडेला तो तांब्या घेऊन उभा होता. मी हात पुढे केले. तो पाणी ओतत असताना हळू आवाजात म्हणाला, "दाजी, वर काय न्हाय ते तुमाला आदीच ठावं व्हतं."

"होय."

"मी बूट काढताना?"

"होय."

माझे हात केव्हाच धुऊन झाले होते. मी ते मागे घेतले नाहीत. तो ओतत राहिला, तांब्या रिकामा झाला, त्याने पिंपातून पुन्हा भरून घेतला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या पाहुण्याला पुढे बोलावलं.